थंडी वाजतेय म्हण

आमच्या बापाने देवाधर्माचं कधी फार मनावर घेतलं नाही, पण कपड्यांचं सोवळं मात्र जन्मभर पाळलं. ऑर्व्हल हेगस्टाड म्हणजे आमच्या खोऱ्यात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोराड सांबराच्या, शिकारीतला शेवटचा शब्द. रविवारी चर्चमध्ये पहिल्याच प्रार्थनेला त्याची मान पडायची. पण सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम उघडला की गडी ताठ. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपतो तिथे पिकअपच्या मागे ताडपत्री अंथरली जायची आणि ज्याने त्याने आपली पाठपिशवी तिच्यावर उलटी करायची. मग हा महापुरुष एकेक कपडा मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलणार आणि विचारणार, "हे कशाला?"

उत्तर एका दमात यायला हवं. हा कशाच्या वर घालणार, कशाच्या खाली घालणार, चालताना, बसताना की झोपताना. जरा अडखळलात की कपडा गेला पिकअपमध्ये. आणि "थंडीसाठी" हे उत्तर तर त्याने आयुष्यात कुणाचं चालवून घेतलं नाही. "थंडीसाठी तर पृथ्वीवरचे सगळेच कपडे असतात, गाढवा," असं म्हणून तो कपडा भिरकावून द्यायचा.

खोटं कशाला बोलू, शिकवलं त्याने बरोबरच. आमच्याकडे सप्टेंबरात दुपारी सदऱ्यातसुद्धा घाम फुटतो आणि संध्याकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची काच धरते. म्हणून अंगालगत पातळ लोकर, सुती काही नाही, चड्डीसुद्धा नाही. त्यावर मऊ उबदार सदरा. त्यावर वारापाऊस अडवणारं जाकीट. आणि एक जाड कोट, जो चालताना अंगावर चढवायचाच नाही. तो पिशवीच्या तळाशी कोरडा ठेवायचा, आणि जनावराची वाट बघत बसलं की मग काढायचा. निघताना कुडकुडतच निघायचं, कारण चढ लागला की ऊब आपोआप येते. उबेत निघालात तर घामाने भिजाल, आणि भिजून बसलात की संपलात. "थंडीने मेलेला माणूस मी पाहिला नाही," बाप म्हणायचा, "घामाने मेलेले पाहिलेत."

हे सगळं ठीक. पण त्याचा एक नियम होता, जो कुठल्याही शिकाऱ्याच्या शास्त्रात नाही. वर गेल्यावर थंडी वाजतेय असं कुणी म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने त्याच क्षणी खाली जायचं, एकट्याने. त्याची शिकार संपली, आणि पुढच्या वर्षापासून त्याला बोलावणं नाही.

माझा भाऊ ड्वेन सतरा वर्षांचा असताना म्हणाला. बापाने ताडपत्रीवर त्याचे जाड हातमोजे आणि दुसरे लोकरी पायमोजे काढून टाकले होते. पोराने दोन दिवस दातावर दात दाबून काढले आणि बर्फ पडल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं. बापाने त्याला तसंच खाली पाठवलं. ड्वेनच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. बरं, एवढ्यावर भागावं की नाही? नाही. त्या दिवसापासून बापाने त्याचं नाव ठेवलं शेकोटी. गावातल्या कॅफेत शेकोटी, गुरांच्या बाजारात शेकोटी. ड्वेनच्या लग्नात ग्लास उंच करून म्हणाला, "पोरी, तुला हिवाळ्यात सरपण लागायचं नाही, घरात शेकोटी आहे." सगळा मांडव खो खो हसला. ड्वेनही हसला. मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याच्या मानेवरची शीर मी पाहिली.

तीस वर्षं गेली. बापाने त्याला पुन्हा वर नेलं ते आई गेल्यानंतर, म्हाताऱ्याला तंबू आणि भांडीकुंडी वाहायला कुणीतरी हवं होतं म्हणून. आणि मी तर लहानपणापासून जातेच. मी कधी थंडी वाजतेय म्हटलं नाही. वाजली नाही असं नव्हे.

त्या सप्टेंबरात बाप शहात्तरचा होता. ही त्याची शेवटची खेप, हे त्याला कळत होतं, आम्हालाही कळत होतं. फक्त एल्कचा एक मोठा नर पाडायचा, आपल्या हाताने, आपल्या बाणाने, आणि मग धनुष्य खुंटीला टांगायचं. दुसरं काही त्याला नको होतं. ड्वेनला काय हवं होतं ते मला पायथ्याशी कळलं.

"या वेळी ताडपत्री मी टाकतो," ड्वेन म्हणाला.

म्हातारा हसला. "टाक की. शेकोटीचीही हौस फिटू दे."

ड्वेनने माझी पिशवी तपासली, माझी एक टोपी काढून टाकली. मग बापाची उलटी केली. पातळ लोकरीचा सदरा उचलला. "हे कशाला?" बापाने धडाधड सांगितलं. मऊ सदरा, जाकीट, पायमोजे, सगळ्याची उत्तरं शाळेतल्या पाढ्यांसारखी. मग ड्वेनने तो जाड कोट उचलला. लाल-काळ्या चौकटींचा, भरगच्च लोकरीचा, बापाच्या अंगावर मी जन्मापासून पाहिलेला.

"हे कशाला?"

"थंडीसाठी," बाप म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. आता शहात्तराव्या वर्षी माणसाच्या हाडात थंडी शिरते, त्यात कसली लाज? गेले दोन हिवाळे तो चुलीपासून हलला नव्हता. चुकून खरं बोलून गेला, एवढंच. पण ड्वेनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि तो बापाच्याच आवाजात म्हणाला, "थंडीसाठी तर पृथ्वीवरचे सगळेच कपडे असतात, गाढवा."

मला वाटलं, आता म्हातारा कानफटात देतो. त्याने कोटाकडे पाहिलं, ड्वेनकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाला. "टाक."

मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण आमच्या बापावरूनच पडली असावी. तो लघवीला झाडामागे गेला, तेवढ्यात ड्वेनने पिकअपमधून कोट परत काढला, गच्च गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीच्या तळाशी कोंबला.

"हा काय प्रकार?" मी म्हटलं.

"देईन की त्याला."

"मग आत्ताच दे."

"मागितला की देईन. मागायचासुद्धा नाही, नुसतं म्हणायचं. थंडी वाजतेय म्हण, की कोट तुझा."

"अरे, शहात्तर वर्षांचा आहे तो!"

"मी सतराचा होतो," ड्वेन म्हणाला आणि पिशवीचे पट्टे आवळले.

पहिला दिवस असा लखलखीत गेला, की मला वाटलं मीच उगाच घाबरले. ऊन होतं, झाडं पिवळी धमक झाली होती, तिघांच्याही बाह्या कोपरापर्यंत वर. संध्याकाळी तंबू ठोकला, बीन्स आणि डुकराचं मांस खाल्लं. रात्री पिसांच्या झोपायच्या पिशवीत कुणालाच काही वाजत नाही. पलीकडच्या कड्यावरून नराची शिळेसारखी लांबलचक हाक आली आणि म्हातारा अंधारातच हसला. "आहे रे आहे," म्हणाला, "माझाच आहे तो."

सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं. बाप तंबूतून बाहेर आला तो होतं नव्हतं सगळं अंगावर चढवून. पातळ सदरा, मऊ सदरा, जाकीट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. ज्या माणसाने पन्नास वर्षं लोकांना कुडकुडत निघायला लावलं, तो असा.

"काय डॅड, लग्नाला निघालास का?" ड्वेन म्हणाला.

"वारा आहे."

"वारा? पान हलत नाहीये."

"तुला ऐकू येत नाही. वर आहे वारा."

चढ लागला. पहिल्या टेकाडावर मी जाकीट काढलं, दुसऱ्यावर ड्वेनने. बाप काही काढेना. त्याच्या कॉलरमधून वाफ निघत होती, पाठीवर पिशवीखाली काळा ओला डाग पसरत चालला होता. "डॅड, एखादा काढ ना," मी म्हटलं. "बरा आहे मी," म्हणाला. कसा काढणार? मागे जाड कोट आहे हे माहीत असलं की माणूस बिनधास्त कपडे काढतो. ज्याच्याजवळ अंगावरचंच तेवढं आहे, तो घामाने निथळला तरी सोडत नाही. त्याने स्वतः शिकवलेली चूक तो स्वतः करत होता, आणि ड्वेन मागून चालत ती बघत होता. बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं. मी सांगते ना, बरं वाटत होतं!

खिंडीच्या खाली चिखलाचं एक डबकं आहे. माजावर आलेला नर तिथे लोळायला येतो. त्याच्यावरच्या खडकांत आम्ही दुपारी बसलो. बसल्याबरोबर मी कोट काढून घातला, ड्वेनने आपला घातला. बाप ओल्या सदऱ्यांत तसाच, मांडीवर धनुष्य घेऊन. थोड्या वेळाने ऊन गेलं. ढग असे खाली आले, की समोरचा कडा दिसेना, आणि बारीक बर्फाळ पाऊस सुरू झाला. बोलायचं तेही कुजबुजत, कारण जनावर जवळ होतं. त्याचा उग्र वास येत होता.

म्हातारा थरथरू लागला. आधी गुडघे, मग हनुवटी.

मी माझ्या कोटाची चेन उघडली. "डॅड, हा घे."

"घाल तो," तो दातांतून म्हणाला. "मला कशाला?"

ड्वेन सरकून त्याच्या कानाशी गेला. पिशवी त्याने मुद्दाम पुढ्यात ठेवली. "तुझा कोट इथे आहे," कुजबुजला. "एवढंच म्हण. दोन शब्द."

बापाने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहितेय मला," म्हणाला. "कालपासून तुझी पिशवी फुगलीय. मी काय आंधळा आहे?"

"मग म्हण की."

"आणि खाली जाऊ? नर इथे आलाय आणि मी खाली जाऊ?"

"जाऊ नकोस. मी नाही पाठवणार. फक्त म्हण."

"नियम माझा आहे," बाप म्हणाला, "तू कोण तो मोडणारा?"

मी पिशवीवर झडप घातली. ड्वेनने माझं मनगट धरलं ते समजू शकते. पण बापानेही धरलं! थंडीने काकडलेल्या बोटांनी माझा हात धरून म्हणाला, "लोर्ना, मध्ये पडू नकोस." दोघंही तेवढे एका मताचे आयुष्यात पहिल्यांदाच झाले असतील. माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण त्याच वेळी खाली काटकी मोडली.

नर आला. केवढा आला! मानेवर चिखल वाळलेला, शिंगं पाठीला टेकतील अशी. डबक्यापाशी थांबला, आम्हाला आडवा. असा बाण बापाने डोळे मिटून मारला असता. त्याने धनुष्य उचललं. बाण दोरीला लावायला गेला आणि बोटं मिटेचनात. पुन्हा लावला, बाण खडकावर पडला, टण्णकन. नराने मान वर केली, एक क्षण आमच्याकडे पाहिलं आणि झाडी फोडत निघून गेला.

मग ड्वेन म्हणाला, "का नाही मारलास?"

"शिंगं लहान होती," बाप म्हणाला.

उतरायला निघालो तेव्हा पावसाचा बर्फ झाला होता आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाप धडपडत होता, शब्द जड यायला लागले होते, दारू प्यायल्यासारखे. तरी मी धीर धरून होते, कारण तो थरथरत होता. मग एका पडलेल्या झाडापाशी थरथर थांबली. ज्याला कळत नाही त्याला वाटेल, चला, बरं झालं. आमच्या घरात हे चालायच्या आधी शिकवलेलं असतं. थरथर थांबली की घाबरायचं.

बाप झाडाला टेकून बसला आणि जाकिटाची चेन खाली ओढली.

"काय करतोस?" ड्वेन म्हणाला.

"उकडतंय." त्याने जाकीट काढून बर्फात टाकलं. मऊ सदरा डोक्यावरून काढायला लागला. "फार उकडतंय रे."

ड्वेनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस मरायला टेकला की शेवटी शेवटी त्याला उकडतं, हेही बापानेच आम्हाला शिकवलं होतं. ड्वेनने पिशवी फाडल्यासारखी उघडली, कोट काढला, बापाच्या खांद्यावर टाकला. बापाने ढकलला.

"कुणाचा हा?"

"तुझा आहे, डॅड. घाल. घाल ना, तुझ्या पाया पडतो!"

"मी टाकायला सांगितला होता." पुन्हा ढकलला. अंगात ताकद नव्हती, पण कोट ढकलायला होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

तेव्हा ड्वेन बर्फात गुडघ्यांवर बसला. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "मला थंडी वाजतेय, डॅड. ऐकलंस? मी म्हणतोय. मला वाजतेय. मी हरलो. आता घाल कोट आणि चल खाली."

बापाने डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग जा," म्हणाला. "एकटा जा."

मीच ड्वेनला उठवलं. "जा," म्हटलं. "गावातून माणसं आण, घोडे आण. इथे बसून रडू नकोस." त्या डोंगरात फोन तेव्हाही चालत नव्हते, आताही चालत नाहीत. ड्वेन उठला आणि धावत सुटला. मागे वळून पाहिलं नाही. धुक्यात त्याच्या बुटांचा आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला.

मी बापाचा ओला सदरा ओढून काढला, माझा कोरडा त्याला घातला. तो शिव्या देत होता, मी देत होते. कोटात त्याचे हात एकेक करून कोंबले, शेवटपर्यंत बटणं लावली. पडलेल्या झाडाखालच्या राळ मुरलेल्या ढलप्या कोरड्या होत्या, त्यांनी पेट घेतला. मग त्याला आगीपुढे घेऊन मी मागून मिठी मारून बसले. जन्मात कधी त्या माणसाला मिठी मारली नव्हती.

बऱ्याच वेळाने तो पुन्हा थरथरायला लागला. मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्याने हसले. वाटलं, वाचला! त्याने मान वळवून धुक्याकडे पाहिलं.

"गेला का तो?"

"गेला."

"नक्की?"

"नक्की गेला, डॅड. केव्हाचा."

मग तो माझ्या हाताला धरून लहान पोरासारखा म्हणाला, "लोर्ना, थंडी वाजतेय गं. फार वाजतेय."

"केव्हापासून?"

"खालपासूनच. गाडीपासून."

मी त्याला आणखी आवळून धरलं. विस्तवावर लाकडं टाकत राहिले. पण म्हातारं काळीज, त्याला तेवढी ऊब पुरली नाही. माणसं घोडे घेऊन उजाडताना आली, ड्वेन सगळ्यांच्या पुढे. तोवर बाप गेलेला होता, कोटाची सगळी बटणं लावलेली.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. कॅफेतली सगळी टोळी आली होती, बटाट्याच्या पोळ्या खात म्हणत होती, काय भाग्याचं मरण, शिकारीला गेला आणि शिकारीतच गेला. भाग्याचं डोंबल! मी सिंकपाशी ताटल्या विसळत होते. ड्वेन फडकं घेऊन शेजारी येऊन उभा राहिला, पुसायला लागला.

"मी गेल्यावर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणाला का?"

"काय?"

"तुला माहितेय काय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं तो त्या दोन शब्दांसाठी आसुसला होता. ते माझ्याजवळ होते. सांगितले असते तर तो जिंकला असता, आणि तो जिंकल्यावर त्याचं काय झालं असतं, तेही मला कळत होतं. पण मी काही त्याची कीव करून गप्प बसले, असं समजू नका. बापाची शान राखली असंही नाही. कोट पुढ्यात ठेवून जो ते शब्द पिळून काढायला बसला होता, त्याला ते मी फुकट द्यावेत? का म्हणून?

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही म्हणाला."

ड्वेनने मान हलवली आणि पुढची ताटली घेतली. तो अजून दर सप्टेंबरात माझ्याकडे येतो, कॉफी पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि निघताना दारात थांबून म्हणतो, "लोर्ना, खरं सांग."

"खरंच सांगतेय," मी म्हणते. "नाही म्हणाला."